रिकामा बाक दिसत नाही तेव्हा

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. विषय पुन्हा शिक्षणाचाच. पस्तीस वर्षं हातात खडू धरला, आता दुसरं काय सुचणार?

सध्या आमच्या नात्यात आणि शेजारात मिळून तिघी जणी ऑनलाइन कॉलेज करताहेत. घरबसल्या पदवी मिळते याचं आता कुणाला नवल राहिलेलं नाही. सरकारचं 'स्वयम्' २०१७ साली सुरू झालं आणि २०२० च्या यूजीसीच्या नियमांनी तर पूर्ण पदवीच ऑनलाइन घ्यायची वाट आखून दिली. पण 'स्वयम्'वर नाव नोंदवणारे लाखांनी आणि शेवटची परीक्षा देणारे त्या मानाने थोडेच. लोक म्हणतात, फुकटची किंमत नसते हो! मला ते काही पूर्ण पटत नाही. कारण हजारो रुपये फी भरलेल्याही मधेच गळताना पाहते आहे.

शाळेत कसं असतं बघा. वर्गात शिरलं की पुस्तक उघडायच्या आधी नजर बाकांवरून फिरते. तिसऱ्या रांगेतला बाक सलग दोन दिवस रिकामा दिसला की शेजारच्या पोराला विचारायचं, "का रे, हा का येत नाही?" संध्याकाळपर्यंत उत्तर मिळायचं. ताप आहे, सोयाबीन काढायला गेलाय, किंवा मुलगी असेल तर तिला बघायला पाहुणे येणार आहेत. पुढे काय करायचं ते नंतर. पण कळायचं तरी! ऑनलाइन वर्गात रिकामा बाक दिसतच नाही. मूल निघून जातं आणि दार वाजल्याचा आवाजसुद्धा होत नाही.

दुरून शिकवण्यातला हा धोका जुन्या लोकांनी ओळखला होता. ब्रिटनचं मुक्त विद्यापीठ १९६९ साली स्थापन झालं, १९७१ साली पहिले विद्यार्थी शिकू लागले. टीव्ही आणि रेडिओवरून धडे दिले जात, टपालाने पुस्तकं येत. पण तेवढ्यावर त्यांनी भागवलं नाही. विद्यार्थ्याला एक शिक्षक-सल्लागार नेमून दिला. अडलं तर विचारायला एक माणूस, ज्याला तुमचं नाव ठाऊक आहे. आपल्याकडे १ जुलै १९८९ ला नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ सुरू झालं. पहिले कुलगुरू राम ताकवले. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे ब्रीद. तिथे शिकवणाऱ्याला प्राध्यापक न म्हणता 'समंत्रक' म्हणत. हा शब्द मला फार आवडतो. मी भाषण देणार नाही, तुमच्याशी बसून बोलणार आहे, असं त्यात आहे.

नव्वदच्या दशकात काही वर्षं मीही तालुक्याच्या अभ्यासकेंद्रावर रविवारी समंत्रक होते. समोर एसटीचे कंडक्टर, अंगणवाडीच्या सेविका, पोलीस, दोन मुलांच्या आया. कुणाची शाळा सुटून पंधरा वर्षं झालेली. पहिल्या रविवारी मी पुस्तक उघडायचेच नाही. प्रत्येकाला नाव, गाव आणि "अभ्यासाला वेळ कधी मिळतो?" एवढंच विचारायचे. एक बाई म्हणाल्या, "भाकऱ्या झाल्यावर, बाई." आणि सगळा वर्ग हसला. पण त्या हसण्यानंतर तो वर्ग झाला, त्याआधी नुसती माणसं बसली होती. पुढच्या रविवारी जे यायचे नाहीत त्यांना पोस्टकार्ड टाकायचं. चार ओळी पुरायच्या. 'आपण आला नाहीत. स्वाध्याय लिहायला अडचण असेल तर सोबत बसू.' सगळे परत यायचे नाहीत. पण काही जण ते कार्ड खिशात घालून यायचे.

पुढे संगणक आले. ब्रिटनच्याच मुक्त विद्यापीठात काम केलेल्या जिली सॅमन या बाईंनी २००० साली ऑनलाइन शिकवणाऱ्यांसाठी पाच पायऱ्या मांडल्या. पहिली पायरी, विद्यार्थ्याला आत नीट येता यावं आणि यावंसं वाटावं. दुसरी, आतल्या माणसांशी ओळख व्हावी. माहितीची देवाणघेवाण तिसऱ्या पायरीवर! आपल्याकडे मात्र पुष्कळदा थेट तिसरीवर उडी असते. पहिल्याच दिवशी चाळीस व्हिडिओ आणि दहा पीडीएफ.

आमच्या पुतणसुनेचंच सांगते. लग्नानंतर शिकायचा हा तिचा तिसरा प्रयत्न. पहिल्यांदा बाळंतपण आडवं आलं, दुसऱ्यांदा सासऱ्यांचं आजारपण. यंदा एका विद्यापीठात ऑनलाइन एम.ए.ला नाव घातलं. पहिल्या आठवड्यात चौदा ईमेल आले, सगळे यंत्राने पाठवलेले, ज्यांना उत्तर देता येत नाही असे. पासवर्ड चालेना. मदतीच्या नंबरवर नऊ दिवस नुसतं संगीत. दहाव्या दिवशी ती मला म्हणाली, "काकू, माझ्यातच काहीतरी कमी असेल. बाकीच्यांना जमतंय ना!"

बाकीच्यांनाही जमत नव्हतं. पण ते तिला कसं दिसणार? वर्गात शेजारणीची वही बघून कळतं की तिलाही उतरून घेता आलेलं नाही. पडद्यासमोर प्रत्येक जण एकटाच ढ असतो.

ती टिकली ती एका शिक्षिकेमुळे. त्या बाईंनी दुसऱ्या आठवड्यात न आलेल्यांची यादी काढली आणि एकेकाला फोन केला. पासवर्डचं काम पाच मिनिटांत झालं. मग पहिला स्वाध्याय दिला, तोही दहा ओळींचा: मी हा विषय का घेतला? त्यावर प्रत्येकाला नावाने दोन वाक्यांचं उत्तर. माझी पुतणसून ती दोन वाक्यं मला वाचून दाखवत होती तेव्हा तिचा आवाज वेगळाच होता. त्याच यादीतल्या एका मुलीने मात्र फोन उचलला नाही, नंतरही कधी आली नाही. तिचं काय झालं कुणास ठाऊक. निदान कुणीतरी तिला शोधलं.

म्हणून वाटतं, स्वागत म्हणजे फुलं काढलेला 'वेलकम'चा संदेश नव्हे. पहिल्या दिवशी काय करायचं हे एका पानावर, साध्या मराठीत. अडलं तर कुणाला विचारायचं आणि उत्तर किती वेळात येईल, हे स्पष्ट. पहिल्याच आठवड्यात एक छोटं काम, ज्यात नापास होताच येत नाही. रात्री साडेदहानंतर शिकणाऱ्यांसाठी तासाचं रेकॉर्डिंग, तेही कमी डेटात उतरवता येईल असं. आणि दुसऱ्या आठवड्यात न आलेल्याला फोन. कोण आत आलं, कोण नाही, हे संगणक सांगतोच. ती यादी उघडून नंबर फिरवायला मात्र माणूसच लागतो. एकेका शिक्षकाकडे शेकडो विद्यार्थी सोपवले तर तो तरी कुणाकुणाला फोन करणार? फी घेताना हा खर्चही धरायला हवा.

आता थोडं आपल्या घरच्यांसाठी. कॉलेजला जाणारी सून पिशवी घेऊन बाहेर पडते, त्यामुळे ती शिकते हे सगळ्यांना दिसतं. ऑनलाइन शिकणारी घरातच असते, हातात मोबाईल असतो. मग आपण म्हणतो, "सारखी मोबाईलवर असते!" आणि तिला कुकर लावायला उठवतो. विद्यापीठाने स्वागत केलं नाही तर निदान घराने करावं. तिची वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. त्या तासाभरात दाराची बेल वाजली तर तुम्ही उठा. आणि आठवड्यातून एकदा सहज विचारा, "कुठवर आलं गं?"

आमच्या तिघींपैकी दोघींची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. तिसरी सध्या फोन घेत नाही. उद्या सकाळी तिच्या घरीच जाऊन येते.