हेल्मेटमधला वारा आणि कानातली शिट्टी



ब्लड प्रेशर, शुगर, थायरॉइड सोडून आज मी मोटारसायकलच्या विंडस्क्रीनवर लिहिणार आहे. डॉक्टरांचं डोकं ठिकाणावर आहे ना, असं काही जणांना वाटेल. पण मुद्दा आरोग्याचाच आहे, आणि त्यात माझी स्वतःची एक चूकही आहे.

माझ्याकडे एक एमआर येतात. म्हणजे औषध कंपनीचे प्रतिनिधी. वय पंचेचाळीसच्या आसपास. गेली अठरा-वीस वर्षं ते साताऱ्याहून हायवेने रोज कराडकडे जातात, आठवड्यातून एक-दोनदा कोल्हापूरपर्यंत, सगळं बाईकवर. (त्यांच्या परवानगीने लिहितोय, ओळख पटेल अशा एक-दोन गोष्टी बदलल्या आहेत.) दोन वर्षांपूर्वी ते पेशंट म्हणून माझ्यासमोर बसले. संध्याकाळी मान भरून येते, डोकं जड होतं आणि रात्री आडवं झालं की कानात लांब कुठेतरी कुकरची शिट्टी वाजल्यासारखी वाटते, अशी तक्रार होती.

मी बीपी पाहिलं, शुगर तपासली, कानात मळ नाही याची खात्री केली. मानेच्या एक्स-रेमध्ये मणक्याची थोडी झीज दिसली, ती त्या वयात बऱ्याच जणांच्या एक्स-रेमध्ये दिसते. मानेचे व्यायाम सांगितले, गोळ्या लिहून दिल्या. ते पुन्हा आले, मी गोळ्या बदलल्या. असं वर्षभर चाललं. प्रत्येक वेळी आत आल्यावर ते आपलं हेल्मेट माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवत. मी ते बाजूला सरकवून प्रिस्क्रिप्शन लिहीत असे. रोज किती किलोमीटर, किती वेगाने, हे मी त्यांना एकदाही विचारलं नाही.

मग वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मला पुन्हा बाईक घ्यायची हुक्की आली. कॉलेजनंतर हात लावला नव्हता. साडेतीनशे सीसीची, सरळ बसायची, पुढे काहीही आडोसा नसलेली गाडी घेतली आणि रविवारी सकाळी कोल्हापूर, कधी वाई-पाचगणी असं सुरू केलं. गावात मजा यायची. हायवेवर ऐंशीच्या पुढे गेलं की वारा छातीवर बसायचा. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा दाब चौपट होतो. चाळीसला जो वारा सुखावतो तोच ऐंशीला तुम्हाला मागे ढकलत असतो, आणि आपण हँडल घट्ट धरून, मान पुढे काढून त्याच्याशी तास-दोन तास झुंजत असतो.

उपाय म्हणून विंडस्क्रीन बसवून घेतली. (दुकानात हिला विंडशील्ड म्हणतात, कधी नुसतंच व्हायझर. हेल्मेटच्या काचेलाही व्हायझरच म्हणतात, म्हणून मी इथे विंडस्क्रीन हाच शब्द ठेवतो.) दुकानदाराने विचारलं, छोटी की मोठी? मी अर्थातच मोठी घेतली. जास्त काच म्हणजे जास्त आडोसा, असा माझा सरळ हिशोब.

पुढच्या रविवारी छातीवरचा वारा खरंच गेला. पण हेल्मेट थडथडायला लागलं. कुणीतरी दोन्ही बाजूंनी पटापट टपल्या मारत असल्यासारखं. नजर इतकी हलत होती की पुढच्या गाडीची नंबरप्लेट नीट वाचता येईना. कोल्हापुरात हेल्मेट काढलं तर कान बधिर झालेले, समोरचा माणूस पाण्याखालून बोलतोय असं वाटत होतं. संध्याकाळी घरी आलो, मान अवघडली होती. रात्री पंखा बंद केला आणि कानात शिट्टी ऐकू आली. लांब कुठेतरी कुकर लावल्यासारखी.

मी अंधारात उठून बसलो. मला ते हेल्मेट आठवलं, माझ्या टेबलाच्या कोपऱ्यावरचं.

आता हे नेमकं काय होतं ते सांगतो. कृष्णेला पाणी असताना पुलाच्या खांबाकडे कधी बघितलंय? खांबाच्या समोरून येणारं पाणी सरळ आणि शांत असतं. खांबाच्या अगदी मागे चिकटून एक संथ जागा असते. पण या दोन्हींच्या सीमेवर भोवरेच भोवरे असतात. विंडस्क्रीनचंही तसंच. तिच्या वरच्या कडेवरून वारा सुटतो, मागे कमी दाबाची पोकळी तयार होते आणि कडेच्या मागे भोवऱ्यांचा पट्टा लागतो. आपलं डोकं त्या पट्ट्यात सापडलं की हेल्मेटला वाऱ्याचे उलटसुलट धक्के बसतात. बाईकवाले याला बफेटिंग म्हणतात. हेल्मेट साधारण दीड किलोचं. ते दर क्षणाला थोडं इकडे, थोडं तिकडे ढकललं जातं आणि मानेचे स्नायू तितक्याच वेळा त्याला सावरत राहतात. दोन तासांनी मान भरून येणारच. तो मणक्याच्या झिजेचा दोष नाही.

म्हणजे मोठी काच वाईट आणि छोटी चांगली, असं आहे का? नाही. डोकं एकतर पूर्ण संथ हवेत हवं किंवा पूर्ण मोकळ्या, सरळ वाऱ्यात हवं. मधे नको. माझी 'मोठी' काच नेमकी मधे पडत होती.

हे तपासायची सोपी पद्धत मला एका जुन्या रायडरने शिकवली. मोकळा सरळ रस्ता, मागेपुढे वाहन नाही, वारा पडलेला, वेग साठच्या आसपास. नेहमीसारखं बसायचं आणि थडथड लक्षात घ्यायची. मग मान आणि पाठ वाकवून डोकं चार बोटं खाली घ्यायचं. मग ताठ होऊन किंवा सीटवरून किंचित उचलून चार बोटं वर. दोन्ही हात हँडलवर, नजर रस्त्यावर. ट्रॅफिकमध्ये किंवा घाटात हा प्रयोग करू नका, तुम्हाला प्लॅस्टरमध्ये बघायची मला हौस नाही. खाली गेल्यावर एकदम शांत झालं तर काच तेवढी उंच हवी. वर गेल्यावर आवाज राहिला पण टपल्या थांबल्या, तर काच तेवढी बुटकी हवी. माझ्या बाबतीत दोन्हीकडे सुटका होती आणि बसायची जागा मात्र बरोबर भोवऱ्यात होती.

मी बुटकी निवडली. उंच काच घ्यायची तर तिची वरची कड नाकाच्या रेषेपर्यंत चालते, म्हणजे वारा तिथून उसळून हेल्मेटवरून जातो आणि आपण कडेवरून बघतो. डोळ्यांच्या वर गेली की आपण काचेतून बघायला लागतो. पावसाळ्यात ट्रकने उडवलेला चिखल तिच्यावर बसतो, वायपर नसतो, आणि रात्री समोरच्या दिव्यात प्रत्येक ओरखडा चमकतो. या काचा बहुधा पॉलीकार्बोनेटच्या किंवा अॅक्रिलिकच्या असतात, खऱ्या काचेच्या नसतात. कोरड्या फडक्याने पुसल्या की ओरखडे पडलेच. भरपूर पाणी आणि सौम्य साबण एवढंच वापरावं. पेट्रोलचा बोळा फिरवू नये.

बुटकी काच बसवतानाही एक गोष्ट उपयोगी पडली. मेकॅनिकने काच आणि हेडलाइट यांच्यामध्ये वॉशर घालून बोटभर फट ठेवली आणि काच थोडी मागे कलती केली. त्या फटीतून थोडा वारा आत येतो, मागची पोकळी भरते आणि भोवरे कमी होतात. आता छातीवर वारा लागतो, पण तो एकसारखा असतो, ढकलतो तरी एकाच दिशेने. डोकं स्थिर राहतं.

माझ्या मित्राला हीच काच त्याच्या गाडीवर अजिबात चालली नाही. त्याची उंची माझ्याइतकीच, पण तो पायात उंच आहे आणि मी धडात. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी मागायला येणाऱ्यांना मी जे सांगतो तेच इथे सांगतो. मापं तुमची घ्या. जमलं तर ओळखीच्या कुणाची तरी काच तासभर लावून बघा आणि मगच पैसे मोजा. आणि मागे कुणी बसणार असेल तर त्या माणसालाही विचारा. माझ्या मोठ्या काचेने सर्वांत जास्त टपल्या खाल्ल्या त्या आमच्या सौभाग्यवतींनी. त्यांनी त्या कोल्हापुरात पोचल्यावर बोलून दाखवल्या.

इथपर्यंत मानेचं झालं. खरी काळजी कानाची आहे.

हेल्मेट आवाज अडवतं, असा समज असतो. हायवेच्या वेगाला ते बरंचसं उलटं असतं. आवाज सायलेन्सरचा कमी आणि वाऱ्याचाच जास्त असतो. तो हेल्मेटच्या कडांवर, हनुवटीखालच्या फटीतच तयार होतो आणि आत घुमतो. ताशी 60-65 च्या आसपास तो 85 ते 90 डेसिबलपर्यंत पोचतो, आणि 100 च्या पुढे गेलं की 100 डेसिबलच्या घरात. डेसिबलचा हिशोब फसवा असतो. दर 3 डेसिबलला आवाजाची ऊर्जा दुप्पट होते. म्हणून 85 डेसिबल आठ तास चालतील, तर 88 चार तास, 91 दोन तास, 94 एक तास आणि 100 डेसिबल फक्त पंधरा मिनिटं, असं कामगारांच्या सुरक्षेसाठी धरतात. सातारा ते कोल्हापूर पंधरा मिनिटांत होत नाही.

आपल्या प्रत्येक आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या सुमारे पंधरा हजार केसपेशी असतात. जन्मतः मिळतात तेवढ्याच. मोठ्या आवाजाने त्या आधी दमतात, तेव्हा कान काही तास बधिर राहतो आणि मग सुधारतो. रोज दमवत राहिलं की मरतात. कोंबडीच्या कानात त्या पुन्हा उगवतात, माणसाच्या नाही.

मी त्या एमआरना फोन करून बोलावलं. त्यांच्या गाडीलाही उंच काच होती, माझ्यापेक्षा चांगली दोन बोटं चुकीची. ऑडिओमेट्री करून घेतली. दोन्ही कानांच्या आलेखात 4000 हर्ट्झजवळ खड्डा होता. आवाजाने झालेल्या नुकसानीची ती ओळखीची खूण आहे. अशा माणसाला बोलणं ऐकू येतं पण कळत नाही, कारण स, श, फ यांसारखी अक्षरं उंच पट्टीत असतात आणि तीच आधी जातात. त्यांनी खाली बघत सांगितलं, "सर, मुलगी म्हणते बाबा लक्षच देत नाहीत. मला वाटायचं तीच पुटपुटते."

हे वर्षभर आधी कळायला हवं होतं. तेव्हाही गेलेलं परत आलं नसतं, पण त्या वर्षाचं तरी वाचलं असतं. मी त्यांना तसं सांगितलं आणि माफी मागितली. ते म्हणाले, "सर, मीच कुठे सांगितलं बाईकचं."

नीट बसवलेली विंडस्क्रीन टपल्या थांबवते, आवाज थोडा कमी करते. पण हायवेच्या वेगाला कान वाचवायला ती एकटी पुरत नाही. त्यासाठी फोमचे इअरप्लग लागतात. मेडिकलमध्ये मिळतात. स्वच्छ हातांनी बोटांत वळून बारीक करायचा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढायची, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरून ठेवायचा. कापसाचा बोळा चालत नाही, तो आवाज जवळजवळ अडवतच नाही. हॉर्न ऐकू येणार नाही ही भीती सगळ्यांना वाटते. प्रत्यक्षात वाऱ्याचा गोंगाट दबला की हॉर्न वेगळा उठून ऐकू येतो. गावात हळू चालवताना काढून ठेवा. कान वाहत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल तर प्लग घालू नका, आधी कानाच्या डॉक्टरांना दाखवा. आणि इअरफोन म्हणजे इअरप्लग नव्हेत. वाऱ्यावर मात करून गाणं ऐकू यावं म्हणून आपण आवाज वाढवतो, म्हणजे आगीत तेल.

हनुवटीखालची फट बंद करायला गळ्याभोवती मऊ कापड गुंडाळून जॅकेटच्या आत खोचलं तरी फरक पडतो. ढिलं हेल्मेट जास्त थडथडतं. ट्रकच्या मागे चिकटून चालवाल तर जगातली कुठलीच विंडस्क्रीन उपयोगाची नाही, ट्रकच्या मागचे भोवरे तिच्यापेक्षा मोठे असतात. जे स्कूटरवरून चाळीसने बाजारात जाऊन येतात त्यांनी यातलं काही मनावर घेऊ नये. हेल्मेट मात्र त्यांनीही घालावं.

काही वेळा मात्र बाईकला दोष देत थांबू नका. एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं तर त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरांकडे जा, कारण त्या उपचारात उशीर चालत नाही. शिट्टी एकाच कानात असेल, चक्कर येत असेल, किंवा मानेबरोबर हाताला मुंग्या येत असतील, पकड कमी झाली असेल, तरी दाखवून घ्या.

परवा ते एमआर आले होते. काच त्यांनी बदललीय, हायवेवरही पासष्ट-सत्तरच्या पुढे जात नाहीत. मान बरीच मोकळी आहे, गोळ्या बंद आहेत. हेल्मेट नेहमीच्या जागी ठेवलं, आत पिवळ्या प्लगची छोटी डबी होती. शिट्टीचं विचारलं. म्हणाले, आहे अजून. रात्री पंख्याचा आवाज असला की झोप लागते, म्हणून थंडीतही पंखा भिंतीकडे वळवून चालू ठेवतात.