पीस भिजल्यावर

फ्लाय, म्हणजे गळावर पिसे बांधून केलेले आमिष, करताना जुन्या कृतीत जे पीस सांगितले आहे तेच बांधायचे, दुसरे लावले की ती तडजोड, असे मी वर्षानुवर्षे मानत आलो आणि इथे ॲबरडीनमध्ये गळाला लागलेल्या मराठी मित्रांनाही तेच बजावत आलो. आता माझे मत तसे राहिलेले नाही. ज्यांना तेव्हा आग्रहाने सांगितले, त्यांना हेही सांगायला हवे.

त्या आग्रहामागे प्रेम होते. इथल्या डी नदीच्या जुन्या सॅमन-फ्लाय सडपातळ, लांब पिसांच्या. त्यांना राखी बगळ्याचे पीस लागायचे. जॉर्ज केल्सनच्या १८९५च्या ‘द सॅमन फ्लाय’ या पुस्तकात तर एकेका फ्लायसाठी टूकानपासून बस्टर्डपर्यंत देशोदेशीची पिसे आहेत. त्यात पुन्हापुन्हा येतो तो ‘जंगल कॉक’, म्हणजे आपल्या सह्याद्रीतला राखी रानकोंबडा. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणासारखे कडक, चकचकीत, पिवळसर ठिपके असतात आणि फ्लायच्या गालावर ते डोळ्यासारखे बसवतात. मी कोयनेकाठचा. आमच्या रानातले पाखरू स्कॉटलंडच्या नदीत इतक्या मानाने वावरते, याचा मला फार अभिमान होता.

मत पालटायला सुरुवात झाली ती काचेच्या ग्लासातल्या पाण्यामुळे. पीस आपण कोरडे बघून निवडतो, मासा मात्र ते ओले बघतो. जिगसाठी, म्हणजे वजनदार डोक्याच्या गळासाठी, लागणारे माराबू घ्या. पूर्वी ते त्या नावाच्या आफ्रिकी करकोच्याचे असे. आज दुकानात मिळते ते टर्कीचे. कोरडे असताना गुबगुबीत दिसते, भिजले की आक्रसून दोऱ्याएवढे होते. पण जिग जरा उचलून सोडली की त्याचा तंतू न् तंतू उघडतो, मिटतो. म्हणून ते कोरडे असताना जास्त वाटेल इतके बांधावे लागते. कोंबड्याच्या मानेचे पीस याच्या उलट. त्याचे तंतू ताठ, पाण्याच्या पृष्ठभागावर टेकून फ्लायला तरंगत ठेवणारे. दांड्यालगतची मऊ लव जितकी कमी तितके ते तरंगत्या फ्लायला चांगले, कारण ती लव पाणी शोषते. बुडणाऱ्या फ्लायला मात्र कोंबडीचेच पीस हवे: मऊ, लवचीक, प्रवाहाबरोबर हलणारे.

एकदा हे पाहिल्यावर बगळ्याबद्दल वेगळाच प्रश्न पडला. त्याचे पीस नेमके काय काम करते? लांब, बारीक तंतू संथ पाण्यातही हलत राहतात, एवढेच. बगळ्याला आता इथे कायद्याचे संरक्षण आहे, त्यामुळे त्याच्या जागी ब्लू इअर्ड फेझंटचे पीस वापरतात. एका वृद्ध मच्छीमाराच्या संग्रहातली जुनी फ्लाय आणि माझी नवी, दोन्ही शेजारी शेजारी प्रवाहात धरल्या. कुठली कोणती, हे मला हालचालीवरून सांगता आले नाही.

शिवाय समुद्रातून नदीत शिरलेला सॅमन खाणे थांबवतो. मग ती सात-आठ पक्ष्यांची रंगसंगती कुणासाठी? माणसाच्या डोळ्यांसाठी. २००९ साली इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून २९९ पक्ष्यांची कातडी चोरीला गेली. त्यांतले काही पक्षी निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी गोळा केलेले होते. चोर स्वतः फ्लाय बांधणारा होता. तो वाईट माणूस होता म्हणून विषय संपत नाही. ‘अस्सल पीस’ या शब्दांनी त्याला जी ओढ लागली ती मलाही ठाऊक आहे, आणि ती मी इतरांनाही लावत होतो.

रानकोंबड्याला भारतात १९७२च्या वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. इथे मिळणारी पिसे पाळलेल्या पक्ष्यांची, कायदेशीर. तरीही मी ती आता घेत नाही. तो ‘डोळा’ पाहूनच मासा झडप घालतो, असे माझा एक मित्र ठामपणे म्हणतो. त्याला खोटे ठरवणारा पुरावा माझ्याकडे नाही, आणि बांधलेली फ्लाय त्या ठिपक्यांनी देखणी होते हे मी आजही नाकारणार नाही. पण माझ्या टेबलावर त्या पिसांची गरज उरलेली नाही.

नवख्याने विचारले तर मी आता सांगतो: काळ्या कोंबडीची एक मान घे, एक तपकिरी कोंबड्याची, आणि थोडे ऑलिव्ह रंगाचे माराबू. विकत घेण्याआधी दुकानदाराकडे वाटीभर पाणी माग.