चौथीच्या पुस्तकातून शिवनेरीवर

दिवाळीच्या सुट्टीत कुठे जायचे, यावर आमच्या घरात कधीच एकमत होत नाही. यंदा चौथीतल्या लेकीने हट्टच धरला, "अम्मी, शिवनेरी!" इतिहासाचे पुस्तक तिला तोंडपाठ आहे. पण वर्गातली एक मैत्रीण तिला म्हणाली होती, "तो आमचा किल्ला, तुमचा नाही." मी स्वतः शिक्षिका, तरी मला पटकन उत्तर सुचले नाही. म्हटले, जाऊनच पाहू.

फजरची नमाज झाली आणि बिस्मिल्लाह म्हणून मारुंजी सोडली. जुन्नर इथून साधारण नव्वद किलोमीटर. चाकणला कारखान्यांच्या बसगाड्यांत अडकलो, तेव्हा ह्यांनी मुलांना संग्रामदुर्गाची गोष्ट सांगितली. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी शाइस्ताखानाच्या फौजेला इथे जवळपास दोन महिने रोखून धरले होते. पुढे राजगुरुनगरला दिलावरखानाचा मकबरा आणि मशीद पाहिली. हे हुतात्मा राजगुरूंचे गाव, हे मुलाला आधीच माहीत होते.

नारायणगावजवळ झाडाखाली डबा उघडला, खिमा-पराठे खाल्ले. मग खोडदकडे वळलो. शेतांमधून रेडिओ दुर्बिणीच्या प्रचंड तबकड्या दिसताच मुलगा खिडकीला चिकटला. अशा तीस तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर! "यातून तारे दिसतात?" लेकीने विचारले. "दिसत नाहीत, त्यांच्या रेडिओ लहरी टिपल्या जातात," दादा ऐटीत म्हणाला.

शिवनेरीला सात दरवाजे. सासूबाई पायथ्याशी सावलीत तस्बीह घेऊन बसल्या. लेक एकेक दरवाजा मोजत पुढे, मी धापा टाकत मागे. शिवाई देवीचे मंदिर पाहिले. वर गेल्यावर दोन मिनार आणि त्यांना जोडणारी कमान असलेली जुनी मशीद दिसली. त्याच गडावर १६३० मध्ये महाराजांचा जन्म झाला, ती वास्तूही पाहिली. लेक गप्प उभी होती.

तेव्हा तिला सांगितले, "मलिक अहमदने १४९० मध्ये निजामशाही उभी केली, ती याच जुन्नरात. शहाजीराजे त्याच निजामशाहीचे सरदार. आणि मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ यांच्यावरील श्रद्धेने आपल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, असे सांगतात."

"म्हणजे महाराजांच्या अब्बांचं नाव पीरसाहेबांवरून?" तिचे डोळे मोठे झाले.

उतरताना मी विचारले, "मग मैत्रिणीला काय सांगशील?" वाटले होते, वाद घालायला मुद्दे मिळाले म्हणून खूश असेल. ती म्हणाली, "काही नाही. पुढच्या वेळी तिलाही गाडीत घेऊ. मशीद मी दाखवीन, बाकीचं ती सांगेल."

खाली सासूबाईंना तिने सगळे पुन्हा सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, "माशाअल्लाह! गाडीत जागा आहे ना?"

आहे. इन्शाअल्लाह, उन्हाळ्याच्या आधी पुन्हा निघू.