आईची जागा

“अग, पण एवढ्या मैलांत आपल्या चौघांची साधी तिकिटं आली असती!”

दादाचा फोन ठेवल्याबरोबर ह्यांचं पहिलं वाक्य हे. आणि खरं सांगायचं तर त्यात चूक काही नव्हती. माझ्याही मनात तोच हिशेब चालला होता.

दादा अठरा वर्षं दुबईत आहे. इलेक्ट्रिकच्या कामावर लागला, आता सुपरवायझर आहे. विमान कंपन्या नेहमीच्या प्रवाशाच्या खात्यावर ‘मैल’ जमा करतात, कापडवाला दिवाळीला कुपनं देतो तसे. ते साठले की त्यांवर तिकीट मिळतं. दादानं ते कधी मोडले नाहीत. आईला त्यानं शब्द दिला होता, “तुला एकदा विमानाच्या पहिल्या वर्गात बसवणार.” आई हसायची. म्हणायची, “मला एस्टीत खिडकी मिळाली तरी पुष्कळ झालं.” आज गुडघे, उद्या बाबांचं आजारपण असं होता होता २०२२ साली आई गेली. मैल तसेच राहिले, आणि आता त्यांची मुदत संपत आली होती.

“आईच्या नावानं ठेवले होते,” दादा म्हणाला. “तू ये. परतीला तू बस त्या जागेवर.”

दोन दिवस घरात कुणी फारसं बोललं नाही. ह्यांना वाटे, मुलांना विमान दाखवायची संधी हातची गेली. मला वाटे, हो म्हटलं तर स्वार्थी ठरेन, नाही म्हटलं तर दादाला लागेल. शेवटी सासूबाईंनीच निकाल दिला. पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, “चौघं मिळून पुढं कधीतरी जा. ही जागा तिच्या आईची आहे, तिथं लेकीनंच बसावं. डबे मी बघते.” सासूबाईंकडून हे येईल असं मला स्वप्नातसुद्धा वाटलं नव्हतं.

शाळेला दिवाळीची सुट्टी होती, तेव्हा चार दिवस ठरले. जाताना साधं तिकीट, येताना पहिला वर्ग.

मैत्रिणींनो, दुबईला कुणाकडे जाणार असाल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. खसखस तिथं अजिबात चालत नाही, कायद्यानं बंदी आहे. मी वहिनीसाठी हौसेनं अनारसे केले होते, वरून छान खसखस लावून! दादानं फोनवर ऐकलं आणि ओरडलाच. अनारसे इथंच वाटून टाकले. आमच्या कराडकडच्या कांदा-लसूण मसाल्यातही खसखस पडते, म्हणून तोही बिनखसखशीचा वेगळा कुटला. सुक्या खोबऱ्याच्या वाट्याही सामानात घालू नका. खोबऱ्यातल्या तेलानं ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात नेऊ देत नाहीत. आणि लोणच्याची बरणी हातातल्या पिशवीत ठेवली तर शंभर मिलिलिटरच्या नियमात ती तपासणीतच राहते. मोठ्या बॅगेत, दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून न्यावी.

जाताना माझ्या शेजारी चिपळूणकडचे एक गृहस्थ होते. बोटींच्या दुरुस्तीच्या यार्डात वेल्डर. दोन वर्षांनी एकदा घरी येतात. धाकटी मुलगी ह्या खेपेला पहिल्यांदा जवळ आली, तीही निघायच्या आदल्या दिवशी, असं सांगताना ते खिडकीकडेच बघत होते. मी डब्यातली पोळी-भाजी पुढं केली. त्यांनी पिशवीतून नारळाची वडी काढली. गुडघे पुढच्या खुर्चीला टेकलेले, कोपराला कोपर लागलेलं, पण तीन तास कसे गेले कळलं नाही.

दुबईबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, उंच इमारतींची वर्णनं मी करीत नाही. मला आवडली ती तिथली खाडी. एका दिरहमात लाकडी होडीनं पलीकडे जाता येतं. होडीला आबरा म्हणतात. दादा मला रोज एकदा तिच्यातून फिरवून आणी. वहिनीनं मसाल्याचा डबा उघडून नुसता वास घेतला आणि दोन मिनिटं काही बोललीच नाही.

परतीच्या दिवशी दादा दारापर्यंत आला. त्याला आत सोडत नव्हते. “खुशाल बैस. लाजू नकोस,” एवढंच म्हणाला.

आमचं विमान ए-३८० होतं. दोन मजली, अगदी नाकापासून शेपटीपर्यंत दोन मजले! २००७ साली ते पहिल्यांदा प्रवासी घेऊन उडालं आणि २०२१ नंतर नवं बांधलेलं नाही. इंधन फार लागतं, इतक्या जागा भरणं सगळ्यांना परवडत नाही. दुबईला ह्या विमानांसाठी मुद्दाम एक वेगळी इमारत बांधली आहे. तिथल्या पहिल्या वर्गाच्या विश्रामकक्षातून सरळ वरच्या मजल्यावर चढता येतं. म्हणजे खालच्या मजल्यावर चढणारी चारशेच्यावर माणसं आपल्याला दिसतसुद्धा नाहीत. हे मला आधी चमत्कारिक वाटलं आणि नंतर थोडं बोचलंही.

वर पहिल्या वर्गाच्या चौदाच जागा. जागा कसल्या, खोल्याच! सरकतं दार, आरसा, बटण दाबलं की वर येणारं पेयांचं कपाट. मी पर्स मांडीवर घट्ट धरून, साडी सावरून टोकावर बसले. केनियाची एक हसतमुख मुलगी आली, माझ्या डोळ्यांच्या पातळीला येईल अशी खाली वाकली आणि कॉफी व खजूर पुढं केले. ह्या अरबी कॉफीला गहवा म्हणतात. बिनदुधाची, पिवळसर, वेलदोड्याच्या वासाची. बिनकानाचा छोटासा पेला असतो. वहिनीनं आधीच सांगून ठेवलं होतं, “पेला नुसता परत दिलात तर पुन्हा भरतात. पुरे झालं की जरासा हलवायचा.” मी ते विसरले आणि तीन पेले प्यायले.

एके काळी विमानप्रवास म्हणजे असाच थाट असायचा. ८ जून १९४८ ला एअर इंडियाचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून कैरो, जिनिव्हा करीत लंडनला गेलं तेव्हा त्यात प्रवासी होते अवघे पस्तीस. १९७१ साली ‘एम्परर अशोक’ हे जंबो आलं, त्याच्या वरच्या मजल्यावर पहिल्या वर्गासाठी दिवाणखाना होता. आईनं मासिकात पाहिलेलं ते चित्र तिच्या मनात असणार. नाहीतर एस्टीच्या खिडकीवर खूश असणारी बाई पहिल्या वर्गाच्या गोष्टीला एवढी हसली नसती.

आता गंमत सांगते. ह्या विमानात आंघोळ करता येते! वेळ ठरवून द्यायची, मुलगी न्हाणीघर लखलखीत करून ठेवते. पाणी मात्र पाच मिनिटांचं. पाण्याचा प्रत्येक लिटर म्हणजे एक किलो वजन, आणि तेवढं वजन आभाळात न्यायला इंधन लागतं. त्या मुलीनं मला तीनदा बजावलं की पाणी संपत आलं की दिव्यांवरून कळेल, मध्ये बंद करून वाचवता येतं, जपून वापरा. मला हसू आवरेना. उन्हाळ्यात आमच्या आळीला एक दिवसाआड नळ येतो. मी दोन मिनिटांत आटोपलं आणि तीन मिनिटांचं पाणी शिल्लक ठेवून बाहेर आले. अरबी समुद्रावरून जाताना आंघोळ! पायाखालची फरशीसुद्धा कोमट होती. हिरव्या बांगड्या पुसताना मात्र आईची फार आठवण झाली. गुडघ्यांना त्या कोमट फरशीनं तिला बरं वाटलं असतं.

जेवण आपण म्हणू तेव्हा. पांढरं टेबलक्लॉथ, खरी काचेची आणि चिनी मातीची भांडी. विमानातली हवा फार कोरडी असते, दाबही कमी, त्यामुळे जिभेला मीठ-साखर नीट कळत नाही, म्हणून पदार्थ जरा अळणी लागतात. मला नाही लागले. एकेक वाटी गरम येत होती आणि ती आणायला मी उठत नव्हते. लग्नाला चौदा वर्षं झाली. पहिली पोळी तव्यावरून थेट माझ्या ताटात कधी पडली होती, आठवत बसले. बाळंतपणात, आईकडे.

जेवण झालं आणि हात आपोआप ताटल्या एकात एक घालायला लागले. ती मुलगी धावत आली. “राहू द्या, हे माझं काम,” इंग्रजीत म्हणाली. मी विचारलं, “तुझी आई कुठं असते?” “गावी. तिनं अजून विमान आतून पाहिलेलं नाही.” कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना सवलतीत तिकीट मिळतं म्हणे, पण आईला जनावरं सोडून निघवत नाही. मी तिला म्हटलं, “वाट बघू नकोस. ह्याच वर्षी आण.” परक्या मुलीला असं सांगायला नको होतं कदाचित. तिनं मान हलवली, ताटल्या उचलल्या. नंतर जाताना माझ्या पिशवीत चॉकलेटचा डबा ठेवला, मुलांसाठी.

घड्याळ दीड तास पुढं केलं आणि मुंबई आली. उतरायलाही आम्ही पहिले. पण सामानाच्या पट्ट्याशी सगळे पुन्हा एक झाले. दोरीनं आवळलेली खोकी, ब्लँकेटांचे गठ्ठे, खोक्यांवर मोठ्या अक्षरांत लिहिलेली नावं आणि गावं. माझी बॅग लाल चिठ्ठी लावलेली, सर्वांत आधी आली. शेजारचा एक पोरगा म्हणाला, “मॅडम, नशीबवान आहात.” मी बॅग ओढली आणि त्याला पुढं उभं राहायला जागा करून दिली.

तीन तासांत समुद्र ओलांडला, आणि मुंबई ते कराड आठ तास! रात्रीच्या बसमध्ये खिडकी मिळाली. काच नीट लागत नव्हती, पदर डोक्यावरून घेतला.

पहाटे दार ह्यांनी उघडलं. मुलगा झोपेतून उठून विचारतो, “आई, खरंच आंघोळ केलीस?” सासूबाईंनी बसकर ओढलं, “आधी सांग, जेवायला काय काय होतं?” मी सांगायला बसले. चहा ह्यांनीच केला. साखर अंमळ जास्त झाली होती, तरी मी आणखी अर्धा कप मागून घेतला.