फुटाला दीड सूत

आई बाथरूममध्ये घसरली ती साचलेल्या पाण्यावरून. भेटायला येणारा प्रत्येकजण साबणाला बोल लावत होता, म्हणून हे आधीच सांगते. नळाखालच्या कोपऱ्यात तळहाताएवढं पाणी कायम असायचं. सकाळी खराट्याने लोटलं तरी दुपारी पुन्हा तिथेच. उजवं मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. पंचाहत्तरीच्या बाईला सहा आठवडे वेणी घालता येऊ नये याचं तिला हाडाच्या दुखण्यापेक्षा जास्त वाटत होतं.

हडपसरच्या सातववाडीत तिसऱ्या मजल्यावर आमचं घर. काही वर्षांपूर्वी बाथरूम नव्याने करून घेतलं, तेव्हा खाली दोन फुटी चकचकीत फरश्या बसवल्या. जाळी एका कोपऱ्यात. दोन बाजूंचा उतार एका कोपऱ्याकडे आणायचा म्हणजे तळ थोडा पिळावा लागतो, आणि दोन फुटी फरशी काही पिळत नाही. काम करणाऱ्यांनी ती जवळजवळ सपाटच टाकली. दिसायला छान होती. पाण्याला मात्र कुठे जायचं ते कळत नव्हतं.

माझं आजोळ सासवडचं. तिथल्या मोरीत शहाबादीचे लहानमोठे तुकडे होते, एकही दुसऱ्यासारखा नाही. पण तांब्याभर पाणी ओतलं की ते सरळ भिंतीतल्या भोकातून परसातल्या अळवाला जायचं. तुकडे लहान, म्हणून गवंड्याला हवा तसा उतार देता येत होता. आज प्लंबर ज्याला नहाणी ट्रॅप म्हणतो त्यातली ‘नहाणी’ आपल्या न्हाणीघरातलीच. देशभरच्या प्लंबिंगच्या पुस्तकांत हा शब्द असाच वापरतात. शब्द टिकला, उतार देण्याची काळजी तेवढी टिकली नाही.

या ज्येष्ठात ते सगळं उखडायचं ठरवलं. मुदत पालखीची. पुण्यातून निघालेल्या दोन्ही पालख्या हडपसरला येतात आणि इथून वाटा फुटतात: माऊलींची दिवे घाटाने सासवडला, तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला. आत्या आणि तिच्या दिंडीतल्या बायका दर वर्षी तासभर आमच्याकडे टेकतात, हातपाय धुतात, चहा घेतात. त्याआधी काम व्हायला हवं होतं.

मिस्त्रीमामा मोहोळकडचे. आल्यावर त्यांनी टेप काढलीच नाही, आधी बादलीभर पाणी ओतलं आणि दारात उकिडवे बसून ते कुठे जातं ते बघत राहिले. मग म्हणाले, “ताई, आंघोळीची जागा चार बाय चार वेगळी काढू. ट्रॅप मधोमध आणू. बारा इंची फरशी, आन् चारी कोपऱ्यांतनं तिरका कट.” स्लॅब तिथे मुळातच खाली घेतलेली होती, त्यामुळे भरावात ट्रॅप सरकवणं शक्य होतं.

मी महापालिकेच्या शाळेत गणित शिकवते. सुट्टी चालू होती. मामांचा जोडीदार गावी गेलेला, म्हणून हाताखाली मी राहते म्हटलं. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं आणि घमेलं पुढे केलं.

पहिलं काम गुण्या बघण्याचं. कोपऱ्यातून एका भिंतीवर तीन फूट, दुसरीवर चार फूट खूण केली, मध्ये टेप धरली. पाच फूट यायला हवं होतं. आलं पाच फूट दोन सूत. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आमच्या पट्टीवर मिलिमीटर असतात, मिस्त्रीच्या तोंडी सूतच.) कोपरा उघडा होता. मामा म्हणाले, “भिंतीला इचारून फरशी बशिवली की फसलंच समजा. मधनं सुरू करायचं. चूक असंल ती भिंतीकडं ढकलायची.” भिंतीवरच्या टाइलची सगळ्यात खालची ओळ त्यांनी मोकळी ठेवली होती. ती शेवटी बसते आणि कडेचा फरक तिच्याखाली जातो. बारा इंची म्हणून विकली जाणारी फरशी मोजली तर ३०० मिलिमीटर भरते, म्हणजे बाराला दीड सूत कमी. त्यामुळे चार फरश्या आणि मधले सांधे धरूनही दोन्ही बाजूंना थोडी जागा उरतच होती.

मधल्या बिंदूतून दोऱ्याच्या दोन रेषा मारल्या. त्या काटकोनात आहेत का हे बघायला मामांनी दोन्हींवर एकेक फुटाची खूण केली आणि तिरकं माप घेतलं. “बारा-बारा घेतलं की तिरकं सतरा. दोऱ्याभर कमी.”

मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. बौधायनाच्या शुल्बसूत्रात चौरसाचा कर्ण काढायची रीत आहे: बाजूत तिचा तिसरा भाग मिळवा, त्या तिसऱ्याचा चौथा भाग मिळवा, आणि त्या चौथ्याचा चौतिसावा भाग वजा करा. बारा घेऊन बघा. बारा, अधिक चार, अधिक एक, उणे एकाचा चौतिसावा. सतरा, दोऱ्याभर कमी! शुल्ब म्हणजेच दोरी. यज्ञवेदी आखणाऱ्यांचं हे गणित. ही रीत मी फळ्यावर कितीदा लिहिली आहे, पण बाजू बारा घेऊन कधी पाहिली नव्हती. मामांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “आमचे वस्ताद असंच सांगायचे,” आणि दोरा ताणून खिळ्याला बांधला.

उतारावरून मात्र आमचा वाद झाला. फुटाला एक सूत पुरे, असं मी कुठेतरी वाचलं होतं. मामा दीड सुतावर अडून बसले. कागदावर काढून पाहिलं तेव्हा मला त्यांचं म्हणणं पटलं. चारी भिंतींकडून मधे उतरणाऱ्या चार त्रिकोणी पाख्या असतात. प्रत्येक पाखीवरचं पाणी भिंतीकडून सरळ खाली येतं आणि कर्णाच्या रेषेला लागतं. तिथे शेजारच्या पाखीचं पाणी भेटतं आणि दोन्ही मिळून कर्णाने जाळीकडे जातात. म्हणजे तिरका कट हाच ओहोळ. पण कर्ण लांब, उतार तेवढाच, म्हणून ओहोळाला ढाळ कमी मिळतो. पाखीला दीड सूत दिलं तर कर्णाला फुटामागे एक सूत आणि वर थोडं पडतं. भिंतीपासून जाळीपर्यंत दोन फूट, म्हणून तीन सूत. पायाला ते जाणवतही नाही.

आता कापणं. चार बाय चारच्या चौकात कर्ण आठ फरश्यांच्या बरोबर टोकातून टोकाकडे जातो. आठ फरश्या, सोळा त्रिकोण. मामांकडचं रुळावरचं हातकटर एवढ्या लांबीला पुरत नव्हतं, म्हणून चार इंची मशीन आणि डायमंडचं पातं.

पहिली फरशी मी कापली आणि शेवटच्या बोटभर अंतरावर तिचं टोक उडालं. त्रिकोणाचं टोक पंचेचाळीस अंशाचं, बारीक होत गेलेलं. पातं बाहेर पडताना त्याला आधारच राहत नाही. दुसऱ्या फरशीला मामांनी माझ्या हातावर हात ठेवला नाही, फक्त बोलत राहिले. आधी चिकटपट्टी लावून पेन्सिलची रेघ. मग नुसती चकाकी कापेल एवढी उथळ चीर, मशीनवर जोर न देता, तिच्याच वजनाने. मग खोल. टोकाला दोन इंच राहिले की थांबायचं, फरशी फिरवायची आणि त्या टोकाकडून आत येऊन पहिल्या चिरेला भेटायचं. दोन चिरा भेटल्या की आवाज बदलतो, किरकिरीतून एकदम मोकळा होतो, आणि दोन्ही त्रिकोण हातात अलगद सुटतात. पातं जवळजवळ दोन मिलिमीटर फरशी खातं. मला ते नुकसान वाटलं होतं. पण सांधाही दोन मिलिमीटरचाच ठेवायचा होता. एकाच फरशीचे दोन त्रिकोण पुन्हा शेजारी ठेवले, तर पात्याने खाल्लेल्या जागेतच ग्राऊट बसतं.

एका गोष्टीवर मी हट्ट सोडला नाही. मामा कोरडंच कापायला निघाले होते, तोंडाला गमछा बांधून. फरशीच्या आणि दगडाच्या या धुळीत सिलिका असते. ती वर्षानुवर्षं छातीत गेली की सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. पातळ गमछा ती अडवत नाही. सगळं शहर असं गमछ्याआड कापलं जातंय आणि आपण घरमालक दार लावून धूळ फक्त आपल्या खोल्यांत येऊ देत नाही, हे मला सहन होत नाही. मशीन बाल्कनीत नेलं, प्लग आरसीसीबीच्या लाइनवर घेतला, मास्क दोघांना. बाटलीच्या झाकणाला भोक पाडून चिरेवर पाण्याची धार धरायचं काम आईने डाव्या हाताने केलं. पांढरा चिखल झाला, पण हवेत धूळ नव्हती. मामांनी दुसऱ्या दिवशी बाटली स्वतःच भरून आणली.

कोपऱ्यातल्या पाइपच्या खांबावर दोन टाइल काटकोनात भेटत होत्या. तिथे दोन्हींच्या मागच्या कडेला मामांनी पंचेचाळीस मारलं, पण चकाकीपर्यंत नेलं नाही. नखाएवढी कड ठेवली. पूर्ण धारेला नेलं तर कपची उडते, आणि आईचं कोपर नेमकं तिथे लागतं.

फरश्या बसल्यावर मामांनी खिशातून काचेची गोटी काढली. आईने ती एकेका कोपऱ्यात ठेवली. तीन कोपऱ्यांतून गोटी तिरक्या रेषेने घरंगळत जाळीपाशी आली. चौथ्यात, दाराजवळच्या, अर्ध्यावर अडली. मी बोट फिरवलं तर काही लागेना. मामांनी पुन्हा गोटी सोडली, पुन्हा तिथेच. काही न बोलता त्यांनी थापी घातली, तो त्रिकोण उचलला, खालचा माल कोरला आणि पुन्हा ठोकून बसवला. तेव्हा संध्याकाळचे सात वाजून गेले होते आणि त्यांची कवडीपाटाकडे जाणारी बस चुकली होती.

पालखीच्या दिवशी पाऊस होता. आत्याबरोबर नऊजणी आल्या, एकामागून एक पाय धुऊन बाहेर पडल्या. सगळ्या चहाला बसल्यावर मी आत डोकावले. फरशी ओली होती, साचलेलं कुठेच नव्हतं. चारी कोपऱ्यांतून जाळीपर्यंत त्यांच्या पायांच्या चिखलाच्या चार बारीक रेघा उमटल्या होत्या, मी पेन्सिलने आखल्या होत्या तिथेच. आई मागून आली, उजव्या हाताने तांब्या उचलला आणि दाराजवळच्या कोपऱ्यात पाणी ओतलं.