शिंकेला आगार आहे

गेल्या पर्युषणातील तिसऱ्या दिवसाची सकाळ. स्थानकात सामायिक चालू होते. ‘तस्स उत्तरी’चा पाठ होऊन सर्व भगिनी काउस्सग्गात स्थिर झाल्या होत्या, आणि मला शिंका येऊ लागल्या. एक, दोन, पाच, अकरा. मुहपत्ती ओली झाली, डोळ्यांतून पाणी वाहू लागले. कोणी काही बोलले नाही. तरी दुसऱ्या दिवशी मी आपण होऊन दाराजवळची शेवटची जागा धरली आणि पाचव्या दिवशी गेलेच नाही. घरी सांगितले, “जरा सर्दी आहे.” ती ‘जरा सर्दी’ तेव्हा दोन वर्षांची झाली होती.

आम्ही मूळचे घोडनदीचे, भुसार मालाचे व्यापारी. मुलाला हिंजवडीला नोकरी लागली तेव्हा मुळशी तालुक्यातील जांबे येथे घर घेतले आणि जवळच किराणा दुकान टाकले. आजूबाजूला अजून शेते आहेत, पण त्यांच्या मधूनच इमारती उठत आहेत. दिवसभर सिमेंट-वाळूची वाहने जातात. विकून ठेवलेल्या आणि बांधकामाची वाट पाहणाऱ्या मोकळ्या जागांवर पावसाळ्यात गाजरगवत कमरेइतके वाढते. बारीक पांढऱ्या फुलांचे हे गवत दिसायला साधे असले तरी त्याच्या परागकणांनी नाक, डोळे, त्वचा आणि श्वास या सर्वांना त्रास होऊ शकतो. भारतात या वनस्पतीची नोंद 1956 मध्ये प्रसिद्ध झाली ती पुण्यातूनच. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर तिचे बी आले असे मानले जाते. धान्याच्या व्यापाऱ्याच्या घरात बसून ही हकीकत ऐकताना मला हसू आले होते.

घर बदलल्यामुळे त्रास सुरू झाला, असे आम्ही सर्वांनी ठरवून टाकले. कारण सापडले की उपाय शोधण्याची निकड उरत नाही. सकाळी उठताच शिंका, मग नाकातून पाण्याची धार, दुपारी कपाळ जड आणि रात्री दोन्ही नाकपुड्या बंद. दुकानात मिरचीचे पोते उघडले किंवा पिठाचे माप घातले की पुन्हा तेच. ओळखीच्या लोकांनी उपाय सांगितले: मधात आल्याचा रस, तेलात लसूण. त्यातील मध, आले, लसूण यांपैकी काहीच आमच्या घरात येत नाही. सुंठ आणि हळद चालते, म्हणून त्यांचा काढा झाला. घशाला बरे वाटले, नाक तसेच राहिले.

मग मी मोठी चूक केली. नाक मोकळे करणारे थेंब मी औषधांच्या दुकानातून आपल्या मनाने आणले. दोन मिनिटांत श्वास सुटला. हे थेंब पाच-सात दिवसांपेक्षा अधिक वापरायचे नसतात. पुढे त्यांच्यामुळेच नाक अधिक चोंदते आणि माणूस पुन्हा थेंबांकडेच वळतो. मला हे ठाऊक नव्हते. मी ते चार महिने वापरले. उशीखाली बाटली नसेल तर झोप येईनाशी झाली. हळूहळू वासही गेला. एके दिवशी दुधाचे पातेले करपले, धूर ओट्यावर पसरला, आणि मी तिथेच पाठमोरी उभी होते. सासूबाई आतल्या खोलीतून धावत आल्या. त्यांनीच गॅस बंद केला आणि म्हणाल्या, “उद्या डॉक्टरकडे जायचे. मी बरोबर येते.”

कान-नाक-घशाच्या डॉक्टर बाईंनी दुर्बिणीने नाक पाहिले, थेंबांची बाटली पाहून मान हलवली आणि मग एक अनपेक्षित प्रश्न विचारला, “पाळी नियमित आहे का?” मी सत्तेचाळीस वर्षांची. पाळी दीड-दोन वर्षांपासून मागेपुढे होत होती. कधी पंधरा दिवसांत येई, कधी दोन महिने येत नसे. रात्री अंगातून वाफा निघत, झोप मोडे. नाकाच्या डॉक्टरांना हे सांगावे असे मला वाटलेच नव्हते. खरे सांगायचे तर मी ते कोणालाच सांगितले नव्हते.

त्यांनी समजावले ते असे. सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे धरतात. आपल्याकडे हे साधारण शेहेचाळीस-सत्तेचाळिसाव्या वर्षाच्या आसपास घडते. पण त्याआधीची काही वर्षे शरीरातील इस्ट्रोजेन सारखे चढते-उतरते. अ‍ॅलर्जीच्या वेळी हिस्टामिन हा पदार्थ ज्या पेशींतून बाहेर पडतो, त्या मास्ट पेशींवर इस्ट्रोजेनचा परिणाम होतो. नाकाच्या आतल्या अस्तरालाही ते जाणवते. इस्ट्रोजेन उतरले की अस्तर कोरडे पडून खपल्या धरू शकते. म्हणून काही स्त्रियांची जुनी अ‍ॅलर्जी या वयात बळावते, तर काहींना ती प्रथमच जाणवते. सर्वांना असे होते असे नाही, आणि या विषयावरील संशोधन अजून चालू आहे. “धूळ आणि गवत बाहेर आहे,” त्या म्हणाल्या, “पण दार आतून किलकिले झाले आहे.”

आणखी एक गैरसमज त्यांनी दूर केला. कपाळ दुखले की आपण ‘सायनस’ म्हणतो. पुष्कळदा ती अर्धशिशी असते आणि तीही याच वयात डोके वर काढते. माझे उपवासाच्या दिवशीचे, उजेड सहन न होणारे दुखणे त्याच जातीचे निघाले. सायनसच्या खऱ्या जंतुसंसर्गात नाकातून घट्ट पिवळा-हिरवा स्राव येतो, गाल आणि कपाळ दाबल्यावर दुखते, कधी ताप असतो. पाण्यासारखा स्राव, खाज आणि शिंका ही बहुधा अ‍ॅलर्जीची खूण. तिला प्रतिजैविकांचा उपयोग नाही.

उपचार साधा होता. थेंब बंद झाले. पहिले आठ-दहा दिवस कठीण गेले. नाकात मारायचा औषधी फवारा सकाळी एकदा, आणि काही आठवडे एक गोळी. फवाऱ्याचा गुण दोन मिनिटांत येत नाही, दोन आठवडे धीर धरावा लागतो, आणि तो नाकाच्या मधल्या पडद्यावर न मारता बाहेरच्या बाजूस मारावा लागतो. हार्मोनचे उपचार केवळ नाकासाठी देत नाहीत. अंगातून वाफा येणे, झोप न लागणे यांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासून ठरवावे, असे त्यांनी सांगितले. रोज मिठाच्या कोमट पाण्याने नाक धुवायचे, पण पाणी उकळून थंड केलेलेच हवे. नळाच्या पाण्यातून क्वचित एक अमीबा नाकावाटे मेंदूपर्यंत जातो. केरळमध्ये अलीकडच्या वर्षांत त्याने रुग्ण दगावले आहेत. आमच्या घरी पाणी गाळून, उकळून ठेवण्याची रीत पिढ्यांची. डॉक्टर बाईंना ते सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “मग तुमचे अर्धे काम झालेलेच आहे.”

दुकानात कोरडी झाडलोट थांबली, ओल्या फडक्याने पुसणे सुरू झाले. मिरची आणि पीठ हे स्वतः मोजतात. फुलोऱ्याच्या दिवसांत सकाळी खिडक्या बंद ठेवते. गवत उपटावे असे शेजारी सुचवतात. चातुर्मासात माझा हात त्याकडे जात नाही, म्हणून मी मास्क लावून निघते. तोंडावर वस्त्र बांधण्याची आम्हाला सवय आहे. मुहपत्ती हवेतील जिवांना माझ्यापासून वाचवते, मास्क मला हवेपासून वाचवतो, एवढाच फरक.

माझा चौविहार असतो, म्हणून औषधाबद्दल शंका होती. महासतीजींना विचारले. त्या म्हणाल्या, “पच्चक्खाणातच समाधीसाठी आगार ठेवलेला आहे. औषध सूर्यास्तापूर्वी घेता येत असेल तर तसे घ्या, पण टाळू नका.” मग त्यांनी मलाच विचारले, “काउस्सग्गाचा पाठ रोज म्हणता, त्यात काय काय सोडलेले आहे?” मी मनातल्या मनात पाठ म्हणू लागले आणि थबकले. श्वास, उच्छ्वास, खोकला, शिंक, जांभई, ढेकर, चक्कर, पित्ताने येणारी मूर्च्छा. चाळीस वर्षे हे शब्द माझ्या ओठांवर होते. सौद्याची अट आधीच कागदावर लिहावी, तसे पूर्वाचार्यांनी शरीराच्या दुबळेपणाला आधीच जागा करून ठेवली होती. शिंकेने काउस्सग्ग भंगत नाही. दाराजवळची जागा मला कोणी दिली नव्हती. ती मीच घेतली होती.

घरी आल्यावर सासूबाईंजवळ बसले. त्या आता चौऱ्याहत्तर वर्षांच्या. मी बावीसाव्या वर्षी सून होऊन आले, तेव्हा त्या एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. दुकानात मिरचीचे पोते उघडले की पदर नाकाला लावून त्या माजघरात निघून जात. रात्री खिडकीशी बसून राहत. आणि मी यांना म्हटले होते, “मिरची सोसत नाही, हळद सोसत नाही, व्यापाऱ्याच्या घरात कसे चालायचे?” ते त्यांनी ऐकले होते की नाही, हे पंचवीस वर्षे मी विचारले नव्हते. त्या दिवशी विचारले.

“ऐकले होते,” त्या म्हणाल्या. “पण मलाच कळत नव्हते काय होतेय, तुला कसे कळणार?”

दर संवत्सरीला मी त्यांच्या पाया पडून खमावत आले आहे. पण कशाबद्दल, हे ठाऊक असून क्षमा मागितली ती या वेळीच.

आपल्या घरांतून चाळिशी ओलांडलेल्या कितीतरी भगिनी ‘जरा सर्दी आहे’ म्हणून मागे बसत असतील. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते: नाक दाखवायला जाल तेव्हा पाळीचेही सांगा. थेंबांची बाटली महिनोन्‌महिने उशाशी ठेवू नका. एकाच नाकपुडीतून रक्त येत असेल, डोळ्याभोवती सूज असेल, छातीत शिट्टीसारखा आवाज येत असेल तर एक दिवसही थांबू नका. आणि घरातील पुरुषांनी व सुनांनी, कोणी माजघरात उठून गेली तर कारण विचारावे.

मला आता वास येतो. दूध उतू जाण्याआधी कळते. शिंका अजून अधूनमधून येतात. स्थानकात मात्र मी पुन्हा माझ्या जुन्या जागी, दुसऱ्या ओळीत बसते. सासूबाई शेजारी असतात.