खिडकीतला कप

१८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. नुसतं भाषण ठोकलं असतं तर पुण्याने ऐकून सोडून दिलं असतं. हौदाचं तसं नाही. तिथे रोज घागरी येणार, रोज शेजाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडणार. पुढे १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी विधवा गोदूबाईंशी लग्न केलं आणि त्यांच्या गावाने, मुरुडने, त्यांना वाळीत टाकलं. बोलण्याची किंमत दोघांनीही घरातूनच चुकती केली.

मला छळतात ते न्यायमूर्ती रानडे. विधवाविवाहाच्या चळवळीतला हा बिनीचा माणूस. १८७३ मध्ये पहिली पत्नी गेली. आता हे विधवेशी लग्न करतील, असं सुधारकांना वाटलं. वडिलांचा शब्द मोडवेना, आणि ३१ वर्षांचे रानडे ११ वर्षांच्या मुलीशी बोहल्यावर चढले. १८९० साली पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहाचा गवगवा झाला, त्याचंही प्रायश्चित्त त्यांनी पुढे घेतलं.

हसायला सोपं आहे. पण आमच्या ओळखीतल्या एका घरी दिवाणखान्यात फुले-आंबेडकरांची तसबीर आहे आणि कामाच्या मावशींचा कप स्वयंपाकघराच्या खिडकीत, कान तुटलेला, पालथा घातलेला. पाहुण्यांच्या कपांशेजारी तो कधी लागत नाही. यजमान समतेवर तासभर बोलतात, आणि छान बोलतात. मावशी तेवढ्यात ट्रे आणून ठेवतात. मराठी शाळा वाचवण्याच्या निवेदनावरही यजमानांचीच पहिली सही. नातू अर्थात इंटरनॅशनल स्कूलमध्ये.

अशा वेळी कुणीतरी हमखास म्हणतं, ‘आम्ही निदान ढोंग तरी करत नाही.’ या वाक्याची मला जास्त चीड येते. ज्याने काही मानलंच नाही, त्याला विसंगती कुठून असणार? (आणि असा माणूस मावशींना चांगला कप देतो म्हणावं, तर तेही नाही.)

रानड्यांनी त्या मुलीला, रमाबाईंना, घरातल्या बायकांचा विरोध असताना लिहायला-वाचायला शिकवलं. पुढे रमाबाईंनीच पुण्यात सेवासदन उभं केलं. त्याने १८७३ चं लग्न धुऊन निघत नाही. पण लोक तोंडावर हसतात म्हणून रानड्यांनी विधवाविवाहाची बाजू सोडली नाही. आपल्या वागण्याला शोभेल एवढंच बोलायचं ठरवून ते गप्प बसले असते, तर त्यांना ढोंगी कुणी म्हटलं नसतं. विधवांच्या बाजूने बोलणारं एक वजनदार तोंड मात्र कमी झालं असतं.